‘मला नाही वाजत थंडी’ म्हणणाऱ्यांची खोली आधी

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत. पत्राचा सारांश असा:

‘आम्ही भाड्याच्या घरात, इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. घरात आम्ही दोघं, शाळेत जाणारा मुलगा, आठ महिन्यांची मुलगी आणि ७४ वर्षांच्या सासूबाई. मागच्या हिवाळ्यात दोन हीटर रात्रभर चालवले आणि बिल असं आलं की ते फेडता फेडता उन्हाळा उजाडला. त्यानंतर मिस्टरांचं काम कमी झालं, मिळकत जवळजवळ अर्ध्यावर आली. आता पुन्हा थंडी तोंडावर आहे. मिस्टर म्हणतात, जुने हीटर काढून “कमी वीज खाणारा” मोठा हीटर हप्त्यांवर घेऊ. मला नवं कर्ज नको. नणंद म्हणते, मी पैसे पाठवते, हीटर घ्या. पण तिचे पैसे घेणं म्हणजे आपलं घर आपल्याला उबदार ठेवता येत नाही असं कबूल करणं, असं मला वाटतं. सासूबाईंची खोली सगळ्यांत गार, तिथे ऊन येतच नाही. पण त्या म्हणतात, “मला नाही वाजत थंडी, माझ्यासाठी काही करू नका.” बाळाच्या काळजीने मात्र मला झोप लागत नाही. हप्त्यांवर हीटर घ्यावा, नणंदेचे पैसे घ्यावेत, की यंदाचा हिवाळा हीटरशिवायच काढावा?’

ताई, बाळाबद्दल तुम्ही मन लावून लिहिलं आहे आणि सासूबाईंचं वाक्य जाता जाता. मला मात्र पत्र वाचल्यापासून त्यांच्या त्याच वाक्याची काळजी लागून राहिली आहे. बाळ गारठलं तर रडेल, तुम्ही उठाल. तुमच्या घरात गारठूनही काही न बोलणारं माणूस एकच आहे, आणि ते सगळ्यांत गार खोलीत झोपतं.

त्या खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. वय वाढतं तशी थंडी जाणवण्याची शक्तीच मंदावते. तरुण माणूस ज्या गारठ्यात कुडकुडायला लागतो, त्यात म्हातारं माणूस शांत बसलेलं दिसू शकतं, कारण कुडकुडून अंगात ऊब निर्माण करण्याची ताकदही कमी झालेली असते. आत मात्र शरीराला त्रास होतच असतो. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो. थंडीच्या दिवसांत वयस्कर माणसांमध्ये हृदयविकार आणि पक्षाघाताचं प्रमाण वाढतं, त्यामागचं हे एक मोठं कारण आहे. तेव्हा ‘मला नाही वाजत थंडी’ हे त्यांचं म्हणणं खरं मानूनही त्यांची खोली उबदार हवीच.

म्हणून माझी पहिली विनंती: हीटरचा निर्णय घ्यायच्या आधी भिंतीवर अडकवायचा एक साधा थर्मामीटर आणा. हिवाळ्याच्या खरेदीतली ही बहुधा सर्वांत स्वस्त वस्तू असेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या घर आणि आरोग्याविषयीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये थंडीच्या दिवसांत घरातलं तापमान किमान १८ अंश सेल्सियस असावं असं म्हटलं आहे, आणि वयस्कर, आजारी माणसं व लहान मुलं यांच्यासाठी त्याहून थोडं जास्त लागू शकतं असंही. हा आकडा अख्ख्या घराला, चोवीस तास लावायची गरज नाही. माणसं जिथे बसतात-झोपतात तिथे तो हवा. थर्मामीटर सासूबाईंच्या उशाशी, बिछान्याच्या उंचीवर लावा आणि पहाटे उठल्यावर बघा. आज तुमच्या घरात प्रत्येकाचा अंदाज वेगळा आहे. आकडा समोर आला की वाद बराचसा आपोआप मिटेल.

आता मिस्टरांच्या ‘कमी वीज खाणाऱ्या’ हीटरबद्दल. त्यांचा हेतू चांगला आहे, पण हा हप्ता अंगावर घेऊ नका असं मी स्पष्टच सांगते. विजेवर तापणारा कुठलाही साधा हीटर, मग तो तारेचा असो, पंख्याचा, तेलाचा किंवा चकचकीत नव्या घडणीचा, जेवढी वीज घेतो तेवढ्या सगळ्या विजेची उष्णता करतो. २००० वॅटचा हीटर तासाला दोन युनिट खाणार आणि दोन युनिटांचीच ऊब देणार. १००० वॅटचा घेतला तर वीज निम्मी लागेल आणि ऊबही निम्मीच मिळेल. फरक असतो तो ऊब कशी पसरते यात. लालबुंद तारेचा हीटर समोर बसलेल्या माणसाला लगेच शेकतो, पण खोली गारच राहते. तेलाचा हीटर सावकाश तापतो आणि बंद केल्यावरही काही वेळ ऊब देत राहतो. अपवाद एकच, तो म्हणजे गरम हवा देण्याची सोय असलेला एसी. तो उष्णता निर्माण करण्याऐवजी बाहेरच्या हवेतली उष्णता आत खेचतो, त्यामुळे एका युनिटात साधारण तीन युनिटांइतकी ऊब मिळू शकते. घरात असा एसी आधीच असेल तर जरूर वापरा. नसेल तर आजच्या परिस्थितीत तो विकत घेण्याचा विचार नको.

मागच्या वर्षीचा हिशेब करून पाहा. तुमचे दोन्ही हीटर २००० वॅटचे होते असं धरलं आणि ते रात्री आठ तास न थांबता चालले, तर एका रात्रीचे ३२ युनिट होतात, तीस रात्रींचे ९६०. थर्मोस्टॅट असलेला हीटर खोली तापल्यावर मध्ये मध्ये बंद होतो, पण ज्या खोलीतून ऊब सतत बाहेर जाते ती तापतच नाही, आणि मग हीटर थांबतही नाही. गळक्या रांजणात पाणी भरत राहावं तसं तुमचं मागच्या वर्षी झालं. तिथे नवी बादली आणून काही फायदा नाही.

तर आधी गळती शोधा. वारा सुटलेल्या दिवशी घरातला पंखा बंद करून, उदबत्ती पेटवून खिडकीच्या चौकटीजवळून, दाराच्या कडांवरून, वायरी आणि पाइप भिंतीत शिरतात त्या भोकांजवळून सावकाश फिरवा. पडदे आणि कपडे तेवढे लांब ठेवा. धूर सरळ वर गेला तर ठीक. जिथे तो थरथरेल किंवा आत ढकलला जाईल तिथे खडूने खूण करा. हे काम मिस्टर आणि मुलगा मिळून करू शकतात. हे मुद्दाम सुचवते आहे. काम कमी झालेल्या माणसाला ‘हीटर नको’ एवढंच ऐकवलं तर त्याचा प्रत्येक उपाय नाकारल्यासारखं होतं. फटी बुजवल्यावर बिलात किती फरक पडतो ते मीटर बघून त्यांनीच लिहून ठेवलं तर हा उपाय त्यांचा होईल.

फटी बुजवायला फार काही लागत नाही. उघडझाप होणाऱ्या दारा-खिडक्यांच्या कडांना चिकटपट्टीसारखी मिळणारी फोमची किंवा रबरी पट्टी लावा. दाराखालच्या फटीसाठी जुन्या पँटचा एक पाय कापून, त्यात चिंध्या भरून, दोन्ही टोकं शिवून टाका. न उघडणाऱ्या झडपांच्या फटीत घडी केलेला कागद किंवा कापड घट्ट बसवून वरून टेप लावा. भाड्याचं घर असल्यामुळे काढता येईल अशीच टेप घ्या आणि आधी एका कोपऱ्यात लावून बघा, नाहीतर रंग निघाला म्हणून नवीन वाद सुरू व्हायचा. तुटलेलं तावदान आणि न लागणारी खिडकी मात्र घरमालकाला सांगा, आणि लेखी सांगा. भाडेकरार काय म्हणतो ते एकदा नीट वाचा. बरेच भाडेकरू भाडं वाढेल या भीतीने अशा दुरुस्त्या स्वतःच्या खिशातून करतात किंवा थंडी सोसत राहतात. मालकाला नम्रपणे, फोटो लावून, तारखेसह लिहिलेलं पत्र म्हणजे भांडण नव्हे.

काचेतून जाणारी ऊबही थोडीथोडकी नसते. सामान पॅक करायला येतं ते फुग्यांचं प्लास्टिक काचेच्या मापाने कापा, काचेवर पाण्याचा हलका फवारा मारा आणि फुग्यांची बाजू काचेकडे करून चिकटवा. उजेड येत राहतो, बाहेरचं स्पष्ट दिसत नाही एवढंच. वसंतात ओढलं की निघतं. वरून जाड पडदा, तो नसेल तर जुनी चादर आणि ब्लँकेट एकत्र शिवून केलेला. पडदा खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंनी रुंद आणि खाली कठड्याला किंवा जमिनीला टेकणारा असावा, नाहीतर काचेजवळची गार हवा खालून खोलीत उतरत राहते. ऊन येणाऱ्या खिडकीचे पडदे दिवसभर उघडे ठेवा आणि ऊन गेलं की अंधार पडायची वाट न बघता ओढून घ्या. या सवयीला एक पैसाही लागत नाही आणि दोन-तीन दिवसांत फरक जाणवतो.

फटी बुजवताना एक गोष्ट मात्र कधीही करू नका. जिथे गॅस, कोळसा, लाकूड किंवा रॉकेल जळतं तिथली हवा येण्या-जाण्याची वाट बंद करायची नाही. स्वयंपाकघराची झडप, गॅसच्या गिझरची नळी, न्हाणीघराची जाळी, यांना हात लावू नका. आणि कितीही गारठा असला तरी कोळशाची शेगडी खोलीत घेऊन झोपायचं नाही, गॅसची शेगडी खोली तापवायला पेटवून ठेवायची नाही. अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो, त्यामुळे झोपलेल्या माणसाला जाग येण्याआधीच शुद्ध हरपते. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं ही लक्षणं घरातल्या एकाहून जास्त माणसांना एकदमच जाणवली तर लगेच सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत न्या आणि डॉक्टर गाठा. हे पत्र पैशांच्या ओढाताणीविषयी आहे म्हणूनच एवढं आवर्जून सांगते आहे. वीज परवडेनाशी झाली की माणसं शेगडीकडे वळतात.

यापुढचं सुचवणं तुम्हाला कदाचित पटणार नाही, तरी विचार करा. संपूर्ण घर उबदार ठेवायचं, नाहीतर आपण कमी पडलो, असं तुम्ही धरून चालला आहात. हा हिवाळा दोनऐवजी एका खोलीत काढला तर? वरच्या मजल्यावरच्या घराची ऊब छतातून जाते, आणि ऊन न येणाऱ्या खोलीच्या भिंती दिवसभर गारच राहतात. अशा खोलीत हवा तापवली तरी माणसाला गार वाटत राहतं, कारण भिंतीला न टेकताही अंगातली उष्णता त्या गार भिंतीकडे जात असते. ती खोली निदान कडाक्याच्या थंडीपुरती झोपायला वापरू नका. ऊन येणाऱ्या खोलीत सगळ्यांचे बिछाने आणा, बाहेरच्या भिंतीपासून हातभर दूर, आतल्या भिंतीकडे. स्वस्थ असलेल्या प्रौढ माणसाच्या अंगातून साधारण १०० वॅट उष्णता बाहेर पडते. चार माणसं एका बंद खोलीत असतील तर ती ऊब फुकट मिळते, आणि हीटर लागलाच तर एकाच खोलीत, थोडा वेळ लागतो.

अडचण खोलीची नाही, सासूबाईंच्या मनाची आहे. ती खोली त्यांची आहे. त्यांचं कपाट, त्यांचा कोपरा, दार लावून पडण्याची मोकळीक, सगळं तिथे आहे. ‘तुमची खोली बंद करतोय’ असं सांगितलं तर त्या नाहीच म्हणतील, आणि ते बरोबरच असेल. त्यांना विचारा. ‘आई, यंदा एकाच खोलीत हीटर लावायचा म्हणतोय, तुम्ही आमच्यात झोपलात तर एक हीटर वाचेल’ हे सांगणं खरंही आहे आणि त्यांचा मान राखणारंही. माझ्यासाठी काही करू नका म्हणणारी माणसं दुसऱ्यासाठी काही करायला बहुतेक वेळा तयार असतात. खोलीत त्यांची जागा कुठे ते त्यांनाच ठरवू द्या, कपाट आहे तिथेच राहू द्या, आणि दुपारी ऊब असेल तेव्हा त्यांना त्यांच्या खोलीत जाऊन बसता येऊ द्या. तरीही त्या नाही म्हणाल्या, तर त्यांचं ऐका आणि सगळं साहित्य, सगळा पैसा आधी त्यांच्या खोलीवर लावा. मग फटी, काच, पडदा, हीटर हा क्रम तिथून सुरू होईल, तुमच्या खोलीतून नाही.

रिकाम्या ठेवलेल्या खोलीत ओले कपडे वाळत घालू नका. गार भिंतीवर ओल धरते आणि काळी बुरशी येते, ती श्वासाला वाईट. उबदार खोलीतही रोज पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडून हवा बदला. दिवसभर किलकिली ठेवलेली खिडकी भिंती गार करते. थोडा वेळ पूर्ण उघडलेली खिडकी फक्त हवा बदलते.

आता बिछाना. इथे खर्च सगळ्यांत कमी आणि फायदा सगळ्यांत जास्त, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. ऊब कापडात नसते, कापडाने अडवून धरलेल्या हवेत असते. म्हणून एका जाड पांघरुणापेक्षा दोन-तीन मध्यम थर चांगले, आणि अंगावर घट्ट बसणाऱ्या एका स्वेटरपेक्षा सैल थर चांगले. बहुतेक घरांत सगळी पांघरुणं अंगावर घेतात आणि खाली काही वाढवत नाहीत. आपल्या वजनाने गादी दबते, तिच्यातली हवा निघून जाते आणि ऊब खालून जात राहते. पांघरुणातलं एक ब्लँकेट काढून गादीवर, चादरीखाली अंथरा. जमिनीवर झोपत असाल तर आधी पुठ्ठ्याचे थर किंवा चटई, मग गादी. जुन्या साड्या आणि चादरी असतील तर पाच-सहा थर एकत्र दोरे घालून गोधडी शिवता येईल. सासूबाईंच्या हातात ही कला असेल तर हे काम त्यांच्याकडे सोपवा. त्या या तयारीत ओझं म्हणून नको, जाणत्या म्हणून हव्यात.

बिछाना गरम करायला गरम पाण्याची पिशवी पुरते. दीड लिटर पाणी ५० अंशांनी तापवायला एका युनिटाच्या दहाव्या हिश्शाहून कमी वीज लागते. २००० वॅटचा हीटर तेवढी वीज तीन मिनिटांच्या आतच खातो. झोपायच्या अर्धा तास आधी पिशवी पांघरुणात ठेवा. उकळतं पाणी भरू नका, पिशवीला कापडाचं आवरण घाला, रबर तडकलं असेल तर ती पिशवी फेकून द्या. सासूबाईंना मधुमेह असेल किंवा पायाला बधिरपणा असेल तर झोपताना पिशवी बाहेर काढलीच पाहिजे, कारण भाजलेलं कळत नाही. विजेवर चालणारं ब्लँकेटही स्वस्तात पडतं. १०० वॅटचं ब्लँकेट आठ तास चाललं तरी एक युनिट होत नाही. पण ते घ्यायचं तर आपोआप बंद होणारं, नवं घ्या. घड्या पडून तारा उघड्या झालेलं जुनं कुणी दिलं तर घेऊ नका, आणि बाळाजवळ तर नकोच.

बाळाच्या काळजीने तुमची झोप उडाली आहे म्हणून सांगते. बाळाला थंडीइतकाच धोका जास्त गुंडाळण्याचा असतो. आपण जेवढे थर घालतो त्यापेक्षा एक थर जास्त, एवढं पुरतं. हात-पाय गार लागले म्हणून घाबरू नका, बाळांचे ते बऱ्याचदा गारच असतात. मानेच्या मागे किंवा छातीवर हात लावा. तिथे कोमट लागलं तर ठीक, घाम असेल तर एक थर काढा. वर्षाच्या आतल्या बाळाच्या बिछान्यात सुटी पांघरुणं, उशा, जाड रजई नको, आणि घरात झोपताना कानटोपीही नको. अंगात घालायचा झोपेचा झबला किंवा पिशवीसारखा पोशाख बरा. बाळ पाठीवर झोपवा आणि स्वतःच्या जागी, सगळ्यांच्या पांघरुणाखाली नाही. एका खोलीत झोपायचं म्हणजे एका रजईत झोपायचं असं नाही, हे मिस्टरांनाही सांगून ठेवा. रात्री बाळ कुशीत ओढून घेण्याचा मोह थंडीत सगळ्यांनाच होतो.

हीटर वापराल तेव्हा, झोपण्याआधी तासभर आणि उठण्याच्या वेळी, असा वापरा. रात्रभर चालू ठेवून झोपू नका. एक्स्टेंशन बोर्डावर लावू नका, थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा आणि प्लग गरम लागतो का ते बघत राहा. पडदे, गाद्या, कपडे यांच्यापासून किमान एक मीटर दूर. त्यावर बाळाचे लंगोट वाळवायचे नाहीत. गरम पाण्याचाही हिशेब ठेवा. २० लिटरची बादली ३० अंशांनी तापवायला सुमारे ०.७ युनिट लागतात. आंघोळी एकापाठोपाठ उरकल्या आणि गिझर लगेच बंद केला तर महिन्याच्या बिलात दिसेल.

सासूबाईंच्या बाबतीत ही चिन्हं लक्षात ठेवा: बोलणं अडखळणं, विनाकारण गोंधळणं, झोपाळूपणा, हातातून वस्तू पडणं. अंगाचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की असं होऊ शकतं, आणि घरचे ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. कुडकुडणं दिसेलच असं नाही. पोटाला हात लावून बघा. तिथेही गार लागलं तर डॉक्टरांना बोलवा आणि तोवर छाती-पोट पांघरुणाने गरम करा. हात-पाय चोळू नका. पूर्ण शुद्धीत असतील तरच कोमट पेय द्या. रक्तदाबाची किंवा झोपेची औषधं चालू असतील तर थंडीत त्यांचं काय करायचं तेही आत्ताच विचारून ठेवा.

राहिला प्रश्न नणंदेच्या पैशांचा. तुम्ही तो तुमच्या संसाराच्या इभ्रतीशी जोडला आहे. मला तो तसा दिसत नाही. सासूबाई तिची आई आहे. तिच्या आईची खोली उबदार ठेवण्यात तिचा वाटा असणं ही मदतही नाही आणि उपकारही नाही. उलट तुम्ही ‘नको’ म्हणता तेव्हा आईसाठी काही करण्याची तिची वाट बंद होते. पैसे घ्या, पण हीटरसाठी म्हणून मोघम घेऊ नका. तिला लिहा: ‘आईंच्या झोपण्याच्या जागेचं तापमान पहाटे इतकं असतं. जाड पडदा, खिडकीच्या पट्ट्या, गादीवर अंथरायला एक ब्लँकेट आणि त्यानंतरही गरज पडली तर थर्मोस्टॅटचा एक छोटा तेलाचा हीटर, एवढं लागेल. यातलं तुला जे जमेल ते आईंसाठी घे.’ यादी मिळाल्यावर तिलाही बरं वाटेल आणि तुम्हालाही हिशेब देण्याचं दडपण राहणार नाही. मिस्टरांना मात्र हे आधी सांगा. बहिणीकडून पैसे आल्याचं त्यांना नंतर कळलं तर लागेल.

आणखी एक गोष्ट, बिल भरणं जमणार नाही असं वाटलं तर थकण्याआधी वीज कंपनीत जाऊन हप्ते मागा. थकल्यानंतर मागण्यापेक्षा ते सोपं जातं. तुमच्या भागात वयस्कर माणसांच्या घरांना किंवा कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना वीजबिलात सवलत असेल तर तिथेच चौकशी करा. उबदार कपडे हिवाळा संपताना घ्यायचे असतात, तेव्हा ते उतरलेल्या किमतीत मिळतात. यंदा मुलाच्या वाढत्या अंगाचं तेवढं बघा आणि बाकीचं नातेवाइकांकडे वापरून झालेलं मागा. लहान मुलांचे स्वेटर फाटण्याआधी आखूड होतात, त्यामुळे ते सगळ्यांच्याच कपाटात पडून असतात.

या आठवड्यात दोनच कामं करा. थर्मामीटर आणून सासूबाईंच्या उशाशी लावा आणि उदबत्तीने फटी शोधा. फटी बुजवून, पडदा ओढूनही पहाटेचा आकडा १८ च्या खाली राहिला, तर नणंदेला त्याच दिवशी फोन करा आणि सासूबाईंशी एका खोलीत झोपण्याचं बोला. पहिल्या आठवड्याचे आकडे मला कळवा.